जनीच्या शिव्या

नागपूरच्या गांधीबागेतल्या कापड बाजारात बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. माझ्या भावाने आणि वहिनीने मुलगी दत्तक घेतली, तीही तान्ही नव्हे, चांगली सात वर्षांची, हे कळलं आणि ठोक दुकानांच्या गाद्यांवरून, देवळातल्या हरिपाठाच्या बायकांकडून, नात्यातल्या फोनाफोनीतून एकच नाव आलं. यशोदा. वहिनी यशोदा झाली. कोणी तिची ओटी भरली, कोणी ‘केवढं पुण्य जोडलंस’ म्हणालं. त्यातलं प्रेम खरं होतं. पण पुढे घरात जे सुरू झालं, त्याला यशोदेच्या गोष्टीत उत्तर नव्हतं.

यशोदेच्या कुशीत कृष्ण आला तो जन्मला त्याच रात्री. मथुरेतलं काही त्याला आठवायचं नव्हतं. आमच्या घरी आलेली पोर सात वर्षं जगून आली होती. ती वर्षं कशी गेली हे संस्थेच्या फाइलीत थोडक्यात लिहिलेलं होतं. ते मी इथे सांगणार नाही, ते तिचं आहे. आणि जे कागदावर नव्हतं, ते तिच्या अंगात होतं.

वहिनीला आधी पोळ्या सापडल्या. गादीखाली, भिंतीच्या बाजूला, वाळून पापडासारख्या झालेल्या. मग खाली आमच्या दुकानात ताग्यांच्या थप्पीमागे बिस्किटाचा फोडलेला पुडा. रात्री पोटभर जेवून उठलेली मुलगी उद्याची भाकर आज लपवून ठेवत होती. आई म्हणाली, ‘‘चोराची सवय हाये पोरीले, आताच मोडा.’’ घरी भेटीला येणाऱ्या समाजसेविकेने उलट सांगितलं. काढून घेऊ नका, तिला तिचा डबा द्या. म्हणून स्टीलचा एक डबा चिवड्याने भरून तिच्या पलंगाशी ठेवला. रोज रात्री भरायचा, काही विचारायचं नाही. तो डबा अजून तिथेच आहे. आता त्यात रबर, खडूचे तुकडे आणि रंगीत कापडाच्या चिंध्या असतात. चिवडा कधी लागेनासा झाला ते कोणी टिपून ठेवलं नाही.

शटरचं तसंच. रात्री बाजार बंद व्हायच्या वेळी आमच्या गल्लीत एकामागून एक शटरं धडाधड खाली येतात. आम्हाला तो आवाज ऐकूही येत नाही. ती मात्र पहिल्या दणक्याला काउंटरखाली जायची आणि ओढून काढायला गेलं की चावायची. भावाने मग रोज आधी सांगायला सुरुवात केली, ‘‘बाई, आता शटर पडते बरं का.’’ पुढे तिला विचारून शटर ओढू लागला. काही महिन्यांनी तीच पायरीवर उभी राहून हमालांसमोर हुकूम सोडायला लागली, ‘‘भाऊ, पाडा आता!’’

हे सांगायला सोपं वाटतं. मधली रात्र सोपी नव्हती. शाळेत बाईंशी गोड, गिऱ्हाइकांशी गोड, शेजारच्या काकूंच्या मांडीवर जाऊन बसणारी ही मुलगी फक्त वहिनीवर तुटून पडायची. ‘‘तू माही माय नाही’’ हे तर रोजचंच. ताट भिरकवायचं, थुंकायचं, न्हाणीघराचं दार आतून लावून घ्यायचं. लोकांना वाटे, वहिनीचंच काहीतरी चुकतं. वहिनीलाही तसंच वाटू लागलं होतं. देवापुढे दिवा लावताना तिचे हात थरथरायचे आणि ती मला म्हणाली होती, ‘‘माझ्यात प्रेमच कमी आहे का हो?’’

प्रेम कमी नव्हतं. लहानपणी ज्याला भूक, मार किंवा सोडून दिलं जाणं वारंवार सोसावं लागलं, त्याचं शरीर धोक्याची वाट पाहायला शिकतं. मग संकट टळलं तरी ते पहाऱ्यावरच राहतं. हट्टी, नाटकी, खोटारडं असं आपण ज्याला म्हणतो, त्यातलं बरंच काही त्या पहाऱ्यातून येतं. आणि सगळ्यात जास्त भीती वाटते ती जवळ येणाऱ्या माणसाची, कारण मागचा घाव जवळच्याच माणसाने दिलेला असतो. शेजारच्या काकू सोडून गेल्या तर बिघडत नाही. आई सोडून गेली तर काय, याची परीक्षा आईवरच घेतली जाते.

आपल्याकडे या परीक्षेत मोडलेली घरंही आहेत. दत्तक देखरेखीचं काम पाहणाऱ्या ‘कारा’ या केंद्रीय संस्थेनेच माहितीच्या अधिकारात दिलेल्या उत्तरातून कळलं होतं की 2014-15 नंतरच्या साधारण पाच वर्षांत अकराशेहून जास्त मुलं दत्तक घेतलेल्या घरांनी परत केली. त्या आईबापांना मी दगड मारणार नाही. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की पुढे काय येणार आहे. आपण त्यांना यशोदा म्हणालो आणि घरी गेलो. पण परत गेलेल्या मुलाच्या अंगात आता आणखी एक पुरावा जमा झाला, हेही तितकंच खरं.

रोमानियात हुकूमशाही कोसळल्यावर तिथल्या अनाथालयांची जी चित्रं जगाने पाहिली, त्यानंतर 2000 मध्ये बुखारेस्टमध्ये एक अभ्यास सुरू झाला. संस्थेत वाढणारी 136 लहान मुलं घेतली, त्यातल्या निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून पालक कुटुंबांत ठेवलं. दोन वर्षांच्या आत घरी गेलेली मुलं जास्त सावरली, हे त्यातलं गाजलेलं निरीक्षण. सात वर्षांची मुलगी घरी आणलेल्या आईबापाने हे वाचलं की काळजात चर्र होतं. पण त्याच अभ्यासाने पुढे आणखी एक गोष्ट दाखवली: ज्यांचं घर बदललं नाही, जी एकाच कुटुंबात टिकली, ती मुलं पुढेही बरी राहिली. मला हे दुसरं निरीक्षण जास्त मोलाचं वाटतं, कारण वय आपल्या हातात नसतं. टिकून राहणं असतं.

आणि इथेच मला जनाबाई आठवते.

गंगाखेडची जनी लहानपणीच पंढरपुरात दामाशेटींच्या घरी आली. परंपरा सांगते की आई गेलेली, बापाने आणून सोडलेली. दामाशेटी शिंपी, आमच्या बाजारातल्या माणसांना ते घर आपलंच वाटतं. या परक्या घरात वाढलेल्या मुलीच्या नावावर जे अभंग आहेत, त्यांत देव तिच्यासोबत दळतो, झाडलोट करतो, तिची वेणी घालतो, डोक्यातल्या उवाही काढतो. हे सगळ्यांना ठाऊक आहे, यावर कीर्तनं रंगतात. पण तिच्याच नावावर दुसरेही अभंग आहेत. त्यांत ती विठ्ठलाला अक्षरशः शिव्या घालते, त्याच्या घरादाराचा उद्धार करते, त्याच्या मरणाची भाषा करते. बरेच कीर्तनकार ते लटकं प्रेमाचं भांडण म्हणून हसत सांगतात आणि पुढे सरकतात. मला तिथे थांबावंसं वाटतं. सोडून दिलेल्या पोरीला जन्मात पहिल्यांदा कोणीतरी हक्काचं मिळालं होतं, ज्याला शिव्या दिल्या तरी तो जाणार नाही. आणि तो गेला नाही. शिव्या खाऊन पुन्हा जात्याशी येऊन बसला.

वहिनीला मी हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘म्हणजे ती मला शिव्या देते ते मी तिला आपली वाटते म्हणून?’’ अगदी असंच असतं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण बहुतेक वेळा असतं. जिथे भीती सर्वांत जास्त आणि आशाही सर्वांत जास्त, तिथेच मूल सगळं ओततं.

आपला विठोबाही पाहा ना. पुंडलिक आईबापाच्या सेवेत आहे, देव दारात आला आहे, आणि पुंडलिक वीट फेकून सांगतो, थांब. तो थांबला. आत घुसला नाही, रागावून परत गेला नाही. अठ्ठावीस युगं उभा आहे असं आपण रोज आरतीत म्हणतो. आतून कडी लावलेल्या न्हाणीघराबाहेर जमिनीवर बसून ‘मी इथंच आहे, तुला वाटेल तेव्हा दार उघड’ असं म्हणणारी आई यापेक्षा वेगळी कोणती भक्ती करते? ज्यांच्या घरी असं मूल आहे आणि ज्यांना या धावपळीत पूजा, पोथी, वारी काहीच जमत नाही म्हणून अपराधी वाटतं, त्यांना मला एवढंच सांगायचं आहे: तुमची उपासना चालू आहे, खंड पडलेला नाही.

जनीच्या गोष्टीत एक गोष्ट मात्र मला सलते. त्या घरात वाढूनही तिने स्वतःला कायम दामाशेटींच्या नामदेवाची दासी म्हटलं. भक्तीच्या भाषेत तो मोठाच मान आहे. पण घरात आणलेल्या मुलाला आपण उठताबसता ‘तुझं नशीब थोर, नाहीतर कुठे असतीस’ असं ऐकवलं, तर ते आयुष्यभर दासीच राहील. म्हणून पुण्याची भाषा मला टोचते. कोणाच्या तरी पुण्याचं साधन होणं हे मुलाला कळतं. आणि त्याहून वाईट ते पूर्वजन्मीचं कर्म. देवळाच्या ओट्यावर बसून कोणी म्हणतं, ‘मागच्या जन्मीचे भोग आहेत पोरीचे.’ सात वर्षांच्या मुलीला उपाशी ठेवलं ते मोठ्या माणसांनी, याच जन्मात. तिच्यावर त्याचा बोजा टाकणारी श्रद्धा मला श्रद्धा वाटत नाही.

याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला, शंकरबाबा पापळकरांनी सव्वाशेच्या घरात दिव्यांग, बेवारस मुलं आपली म्हणून वाढवली. गाडगेबाबांचा वारसा सांगणारा हा माणूस. मुलांच्या कागदपत्रांवर बापाच्या नावाच्या जागी त्यांनी स्वतःचं नाव दिलं. अठरा वर्षं पूर्ण झाली की बालगृहातून मुलाला बाहेर काढायचं, या नियमाशी ते वर्षानुवर्षं भांडत राहिले. त्यांचं म्हणणं साधं होतं, कुठला बाप लेकराला अठराव्या वर्षी घराबाहेर काढतो? 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याच एका अंध लेकीने त्या वर्षी राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा पार केली तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटावेत इतका आनंद मला झाला होता. पण मला जास्त भिडतं ते बापाच्या रकान्यातलं नाव.

आणि हे धन एकट्या वारकऱ्यांचं नाही. दीक्षाभूमीच्या या शहरात महाप्रजापती गौतमीची आठवण व्हायलाच हवी. सिद्धार्थ सात दिवसांचा असताना माया गेली आणि गौतमीने त्याला वाढवलं; बुद्ध ज्या हातांत मोठा झाला ते जन्मदात्रीचे नव्हते. गांधीबागेला लागून असलेल्या मोमिनपुऱ्यात ज्यांची अजान ऐकू येते, त्यांचे पैगंबर सहाव्या वर्षापर्यंत आईवडील दोघांनाही पारखे झालेले, आणि यतिमाच्या डोक्यावरून हात फिरवणं ही तिथे मोठीच इबादत.

जे काही काळापुरते पालक होतात त्यांची परीक्षा तर आणखी अवघड. मूल कदाचित परत जन्मदात्या घरी जाईल, हे माहीत असताना त्याला जीव लावायचा. राज्याच्या बालसंगोपन योजनेतून दरमहा 2,250 रुपये मिळतात, ते सावित्रीबाईंच्या नावाने. त्याच सावित्रीबाई, ज्यांनी आणि जोतीरावांनी काशीबाईंच्या मुलाला, यशवंताला, आपला केला. पैसा लागतोच, पण त्या घरांना त्याहून जास्त माणसं लागतात.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारीतून काळी आणि पिवळी मारबत निघते. ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत सगळं शहर लोटतं, दुखणीखुपणी त्या पुतळ्यांवर घालतं आणि ते जाळून मोकळं होतं. ही प्रथा 1880 च्या दशकापासूनची आणि मला ती फार प्रिय आहे. पहिल्या वर्षी आमच्या मुलीला ढोल, फटाके आणि तो अक्राळविक्राळ चेहरा सोसला नाही. वहिनी मिरवणूक सोडून तिला घेऊन दुकानाच्या मागच्या खोलीत ताग्यांमध्ये बसली. आईने हरकत घेतली, मारबतीचं दर्शन चुकवू नये म्हणून. पण त्याच संध्याकाळी आईनेच नातीला उतरवलेलं मीठमोहऱ्याचं पाणी दाराबाहेर टाकलं आणि वहिनीला म्हणाली, ‘‘हिची पीडा एका दिवसात नाही जाणार माय. तू थकली का सांग, मी बसतो हिच्यापाशी.’’ नागपूरच्या म्हाताऱ्या बायका असंच बोलतात. मला वाटतं, त्या दिवसापासून आमच्या घरात खरा आधार सुरू झाला. त्यानंतर हरिपाठाच्या दोघी बायका आठवड्यातून एकदा येऊन पोळ्या लाटून जाऊ लागल्या, सल्ला न देता. एकीने वहिनीला झोपायला पाठवलं आणि स्वतः मुलीसोबत दुकानात उरलेल्या चिंध्यांच्या बाहुल्या करत बसली. देवाची माणसं म्हणवणाऱ्यांनी अशा घरांसाठी करायचं ते एवढंच, आणि ते वर्षानुवर्षं करायचं.

मुलगी आता दहा वर्षांची आहे. वाईट रात्री अजून येतात, दिवाळीच्या आसपास जास्त. मध्यंतरी तिने विचारलं की तिला जन्म देणारी आई कुठे असेल. भाऊ गडबडला. वहिनीने सांगितलं की अठरा पूर्ण झाल्यावर आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी तिला स्वतः अर्ज करता येतो, तसा नियमच आहे. आणि तोवर फाइल, संस्थेतून येताना अंगावर असलेला फ्रॉक आणि तेव्हाचा फोटो कपाटात तिच्या कप्प्यात आहेत, कधीही काढून बघावेत. मुलीने पुन्हा विचारलं, ‘‘मी शोधायला गेली तर तू रागावशील?’’

‘‘कशाले रागावू?’’ वहिनी म्हणाली. ‘‘तिकीट तीन जणांचं काढू.’’