अगोदर दिवा

वैशाखात विहिरींचे पाणी तळाला जाते आणि गावोगाव गाळ काढण्याची कामे निघतात. याच दिवसांत वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक लहानशी बातमी येते. गाव बदलते, माणसांची नावे बदलतात. बातमी मात्र तीच असते. पुष्कळ दिवस न वापरलेल्या विहिरीत एक मनुष्य उतरला, तो वर आला नाही. काय झाले हे पाहण्यास त्याचा भाऊ उतरला, तोही आला नाही. दोघांना काढण्यासाठी शेजारचा एक धट्टाकट्टा तरुण उतरला आणि तोही तेथेच कोसळला. विहिरीत पाणी म्हणाल तर जेमतेम गुडघाभर.

अशा वेळी गावातील वडीलधारी मंडळी म्हणतात, “आसरांनी नेले.” साती आसरा म्हणजे पाण्याच्या देवता. विहिरीच्या किंवा ओढ्याच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड आपण पुष्कळांनी पाहिले असतील. त्यांचा मान राहिला नाही, म्हणजे त्या माणसाचे पाय धरून त्याला खाली ओढतात, अशी समजूत आहे. कोणी म्हणतो, ती विहीरच वाईट. तिला दर बारा वर्षांनी बळी लागतो.

शिकलेली माणसे हे ऐकून हसतात. मला हसू येत नाही. कारण या समजुतीत पाहणी अगदी खरी आहे. पाण्यात न बुडता माणूस मेला, हे खरे आहे. अंगावर जखम नाही, साप चावल्याची खूण नाही, हेही खरे. पहिल्यामागून दुसरा आणि दुसऱ्यामागून तिसरा गेला, हे तर सगळ्यांनी डोळ्यांदेखत पाहिलेले असते. गावकऱ्यांनी जे पाहिले त्यात चूक नाही; जे कारण लावले ते मात्र चुकले. आणि कारण चुकले की उपायही चुकतो. नारळ फोडून, ओटी भरून मनुष्य पुन्हा त्याच विहिरीत निर्धास्तपणे उतरतो.

आमच्या आजोळी सोलापूरकडे पूर्वी पेवे होती. हल्लीच्या मुलांनी पेव पाहिले नसेल, म्हणून थोडे सांगतो. जमिनीत खणलेले ते धान्याचे कोठार. तोंड लहान, एक मनुष्य कसाबसा आत जाईल एवढे. पोट मात्र रांजणासारखे सुटलेले. खोली दोन-दोन पुरुष. आतून कडब्याचे आणि भुसाचे अस्तर द्यायचे, त्यात ज्वारी ओतायची, तोंडावर फरशी ठेवून ती मातीने लिंपायची. अशी पुरलेली ज्वारी वर्षानुवर्षे टिके. सांगलीजवळ, कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूर येथे तर अशा पेवांत हळद साठवीत. 2005 च्या महापुरात तेथील पुष्कळ पेवे निकामी झाली.

पेव उघडण्याचा दिवस म्हणजे आम्हा मुलांना मोठी मौज वाटे. फरशी सरकवली की आतून एक उबट, आंबूस वास येई. पण त्यानंतर बराच वेळ काहीच घडत नसे. मोठी माणसे नुसती बसून राहत. मग आजोबा कंदील पेटवीत, त्याला दोर बांधीत आणि तो हलकेच आत सोडीत.

“आजोबा, दिवा कशाला? दिवस तर आहे.”

“आत कुणी आहे का, ते बघायचं असतं, बाळ.”

कंदील दोन हात खाली जाई, आणि वारा नसताना, कोणी फुंकर न घालता, त्याची ज्योत लहान लहान होत विझून जाई. आमच्या अंगावर काटा उभा राही. ते ‘कुणी’ कोण, हे आजोबांनी कधी सांगितले नाही. कदाचित त्यांना त्याची गरजही वाटत नसावी. दिवा विझला तर त्या वेळी कोणी आत उतरायचे नाही, एवढा त्यांचा नियम पक्का होता. मग दोराला कडुनिंबाचा मोठा डहाळा बांधून तो पेवात वरखाली हालवीत. घटका-दोन घटकांनी पुन्हा दिवा सोडीत. तो तळापर्यंत तेवत राहिला म्हणजेच गडी कमरेला दोर बांधून उतरे.

तो ‘कुणी’ म्हणजे खुद्द ज्वारीच. धान्य हे आपल्याला निर्जीव वाटते. पण ज्वारीचा दाणा म्हणजे झोपलेले बीज आहे, आणि झोपलेला प्राणीसुद्धा श्वास घेतोच. दाणा हवेतील प्राणवायू घेतो आणि कर्बवायू, म्हणजेच तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातील कार्बन डायऑक्साइड, बाहेर टाकतो. त्यात थोडी ओल असली, बुरशी असली, किडे असले, तर हे काम अधिकच वेगाने चालते. पेवाचे तोंड तर लिंपलेले. थोड्याच दिवसांत आतला प्राणवायू संपत येतो, किडे गुदमरून मरतात, बुरशीची वाढ खुंटते आणि दाणाही जवळजवळ श्वास थांबवून पडून राहतो. पेवातील ज्वारी वर्षानुवर्षे टिके ती याचमुळे. ज्या हवेने धान्य राखले, तीच हवा आत उतरणाऱ्या माणसाचा प्राण घेते. आजोबांच्या पिढीने या दोन्ही गोष्टींचा अनुभव घेतला होता. त्या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

विहिरीत ज्वारी नसते. पण तिच्या तळाशी कुजणारा पाला असतो, गाळ असतो. कुजणे म्हणजेही प्राणवायू खाणेच होय. विहिरीवर रोज मोट चाले, घागरी खालीवर होत, तेव्हा आतली हवा सतत घुसळली जाई. वापर थांबला की हे घुसळणे थांबते. त्यातून उन्हाळ्यात बाहेरची हवा तापून हलकी झालेली असते आणि विहिरीतली हवा गार व जड असते. म्हणून ती हालत नाही, तळाशीच बसून राहते. थंडीच्या रात्री बाहेरची हवा अधिक गार होऊन आपोआप विहिरीत उतरते आणि आतली हवा पालटते. वैशाखातच विहिरी माणसे का ‘ओढतात’, याचे एक कारण हे आहे. गाळ काढायला लोक उतरतात तेही याच दिवसांत, हे दुसरे.

डोळ्यांना न दिसणारा वायू पाण्यासारखा खोलगट जागी बसून राहतो, हे ऐकून कोणाला खरे वाटणार नाही. त्याने घरी एक प्रयोग करून पाहावा. मात्र जवळ मोठे माणूस असावे. एका उंच पेल्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून त्यावर लिंबू पिळावे. फेस येईल; तो बसू द्यावा. एका वाटीत मेणबत्तीचा लहानसा तुकडा पेटवून ठेवावा. आता पेला वाटीवर असा कलता करावा की आतला रस सांडणार नाही. पेल्यातून काहीही पडताना दिसत नाही, आणि तरी ज्योत विझते! पेल्यातून कर्बवायू ओतला गेलेला असतो. हा वायू हवेच्या दीडपट जड आहे.

इटली देशात नेपल्स शहराजवळ एक लहानशी गुहा आहे. तिच्या जमिनीतून हा वायू निघतो आणि गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत साचून राहतो. पूर्वी तेथील वाटाडे प्रवाशांना एक क्रूर खेळ दाखवीत. माणूस गुहेत उभा राही, त्याला काही होत नसे. त्याच्या पायाशी असलेला कुत्रा मात्र क्षणात बेशुद्ध पडे. मग त्याला बाहेर मोकळ्या हवेत आणीत. त्या गुहेला नावच ‘कुत्र्याची गुहा’ असे पडले. हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली ती आफ्रिकेतील कॅमेरून देशात. 21 ऑगस्ट 1986 च्या रात्री न्योस नावाच्या सरोवराच्या तळाशी विरघळून साठलेला कर्बवायू एकाएकी उसळून बाहेर आला आणि आसपासच्या दऱ्यांतून वाहत गेला. सतराशेहून अधिक माणसे त्या रात्री दगावली, गुरेढोरेही गेली. पुढे 2001 मध्ये त्या सरोवराच्या तळापर्यंत नळ सोडून तो वायू थोडा थोडा बाहेर काढण्याची व्यवस्था करण्यात आली.

आता पुन्हा आपल्या विहिरीकडे येऊ. “पाय धरून ओढले” असे लोक का म्हणतात? आपल्या नेहमीच्या हवेत शंभरात सुमारे एकवीस भाग प्राणवायू असतो. तो सोळा भागांपर्यंत उतरला की दिव्याची ज्योत साधारणपणे विझते. माणूस मात्र त्या हवेत अजून उभा असतो. त्याला धाप लागेल, डोके जड होईल, पण तो वर येऊ शकतो. प्राणवायू दहा भागांच्याही खाली गेला की हातापायांतील बळ एकाएकी जाते आणि शुद्ध हरपते. वरून पाहणाऱ्याला दिसते ते एवढेच की, चांगला चालता-बोलता मनुष्य ओरडलासुद्धा नाही आणि पाय ओढल्यासारखा मटकन खाली बसला. दिवा माणसाच्या आधी हार मानतो, म्हणूनच तो उपयोगी.

पण याहून घातक गोष्ट निराळीच आहे. प्राणवायू कमी पडला, हे आपल्या शरीराला नीटसे कळत नाही! जीव गुदमरतो असे जे आपल्याला वाटते, ते मुख्यतः रक्तातील कर्बवायू वाढल्यामुळे. एखाद्या जागी प्राणवायू संपलेला असेल आणि कर्बवायूही फारसा नसेल, नुसता नत्रवायू उरला असेल, तर माणसाला कसलाही त्रास न होता तो कोसळतो. “गुदमरल्यासारखे वाटले तर लगेच वर येईन” असे म्हणून उतरणाऱ्याचा हिशेब येथे चुकतो.

एक कारण कळले की ते सगळीकडे लावण्याचा मोह माणसाला होतो, हेही येथे सांगितले पाहिजे. पिंपळाखाली किंवा चिंचेखाली रात्री झोपू नये, तेथे भूत असते, असे पूर्वी म्हणत. आता कोणी कोणी ऐटीत सांगतात की, भूत नव्हे, झाड रात्री कर्बवायू सोडते, त्याने माणूस मरतो. भूत गेले आणि त्याच्या जागी वायू आला, इतकेच! झाड रात्री कर्बवायू सोडते हे खरे; पण उघड्यावर तो साचून राहत नाही, हवेत मिसळून जातो. पिंपळाला पेवासारख्या भिंती नाहीत. तेथे साप-विंचू आहेत की नाहीत आणि वाळलेली फांदी डोक्यावर लोंबकळत नाही ना, एवढे पाहून खुशाल झोपावे.

आणि आजोबांच्या दिव्यालाही मर्यादा आहेत. तो प्राणवायूची बातमी सांगतो. विषाची सांगत नाही. थंडीत दारे-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणारी माणसे सकाळी उठत नाहीत, असे घडते. त्या खोलीत दिवा असता तर तो शेवटपर्यंत तेवत राहिला असता. अपुऱ्या जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही; आणि आपल्या रक्तातील तांबडा पदार्थ प्राणवायूपेक्षा त्याला दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून ठेवतो. विहिरीतील पाणी उपसण्यासाठी आतच इंजिन उतरवून चालू करतात, त्याच्या धुरातही हाच वायू असतो. इंजिन बंद पडले म्हणून पाहायला उतरलेला मनुष्य त्यात सापडतो.

गटाराची आणि मैल्याची टाकी तर याहून वाईट. तेथे कुजक्या अंड्यासारखा वास येणारा एक वायू असतो. हा वास थोडा असेपर्यंत येतो. वायू वाढला की नाकच बधिर होते आणि वास गेला असे वाटते. हजारात एखादा भाग एवढाही तो माणसाला पुरे होतो. शिवाय त्याच टाकीत पेट घेणारा मिथेन वायू असतो. तेथे दिवा सोडणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण होय. अशा जागी हवा मोजणारे यंत्र सोडावे लागते. खरे पाहता तेथे माणूस उतरवूच नये. मैला शोषून घेणाऱ्या गाड्या आता आहेत. संरक्षक साधनांवाचून माणसाला अशा कामाला लावण्यास 2013 च्या कायद्याने बंदी केली आहे. तरीही टाकी साफ करताना माणसे दगावल्याच्या बातम्या येतात, आणि त्यांतही पहिल्यामागून दुसरा असतोच. मरणारे बहुधा गरीब असतात. “पाचच मिनिटांचे काम आहे” असे सांगून त्यांना उतरविणारा वर उभा असतो.

सर्वांत कठीण काम मात्र काठावर उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाचे. भाऊ खाली पडलेला डोळ्यांना दिसतो आहे, हाक मारली तर ओ देत नाही, आणि सगळा जीव म्हणतो, उडी घाल. तेव्हा ओरडून माणसे जमवावी, अग्निशामक दलाला बोलवावे. पहिल्याच्या कमरेला दोर असेल तर त्याला वरूनच ओढून घ्यावे. आजोबांचे गडी दोर बांधत ते यासाठीच, आणि दोराचे दुसरे टोक नेहमी दोघांच्या हातात असे. दोर नसेल तर आत मोकळी हवा जाईल असे करावे: डहाळा हालवावा, घोंगडी झाडावी. मैल्याची टाकी नसेल तर पंखा लावावा. जो खाली उतरेल तो स्वतःची हवा पाठीवर घेऊन आलेला असला पाहिजे. नळकांड्यातील हवा आणि तोंडावर मुखवटा, असे साहित्य अग्निशामक दलाजवळ असते. ते येईपर्यंत भावाने काठावरच थांबावयाचे असते, आणि त्याला दोन्ही दंडांना धरून थांबविण्यासाठी शेजारी कोणीतरी उभे असावे लागते.