टर्कीवाचून नाताळ

नाताळच्या मेजावर भाजलेला टर्की हवाच, ही समजूत आपण इंग्रजी चित्रपटांवरून आणि भेटकार्डांवरून करून घेतली आहे. सांताक्रूझला पूर्वेच्या बाजूने उतरावे, वाकोल्यावरून कालिन्याच्या गावठाणात शिरावे आणि एखाद्या जुन्या घरी विचारावे. नाताळचा मान बदकाचा, असे उत्तर मिळेल, आणि तेही मराठीत! या मराठीची चाल निराळी, पण ती आपल्याच घरची.

ही मंडळी ईस्ट इंडियन. नाव इंग्रजी असले तरी माणसे साष्टीचीच. त्यांचे पूर्वज सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखाली ख्रिस्ती झाले. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज गेले, धर्म राहिला, आणि भाषा तर कधी गेलीच नव्हती. 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, गोव्याहून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांहून आपण निराळे, येथले मूळचे, हे सरकारला कळावे म्हणून त्यांनी हे नाव धारण केले. कालिन्याचे त्यांचे चर्च 1606 सालचे. सांताक्रूझ या नावाचा अर्थही पवित्र क्रूस असाच.

टर्की आपल्या देशाला अगदीच अपरिचित होता असे नव्हे. 1612 साली मुकर्रबखानाने गोव्याहून तो जहांगीर बादशहाकडे नेला आणि बादशहाने उस्ताद मन्सूरकडून त्याचे चित्र काढून घेतले. पक्षी मूळचा अमेरिकेचा. इंग्रज त्याला तुर्कस्तानचा समजले, तुर्क हिंदुस्थानचा, आणि पोर्तुगीजांनी तर त्याला ‘पेरू’च म्हटले! आमच्या सांताक्रूझकरांकडे नाताळात पेरू असतो तो फळाचा. गर साखरेत आटवून त्याच्या लालसर वड्या थापतात.

बदकाची मात्र मोयली करतात. उभा चिरलेला भरपूर कांदा, आले, लसूण, हिरव्या मिरच्या, थोडा शिरका आणि ‘बाटली मसाला’. हा मसाला म्हणजे या समाजाचा दागिनाच. एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या, धने, हळद वाळवायची. तीळ, खसखस, नागकेशर, दगडफूल, शिवाय गहू आणि चणेसुद्धा निरनिराळे भाजायचे. मग लाकडी उखळीत बायकांनी मुसळांनी कांडायचे. वीस-पंचवीस जिन्नस सहज होतात. प्रमाण प्रत्येक घरचे वेगळे आणि शेजारणीला ते सांगतील तर शपथ! कांडलेला मसाला बिअरच्या तपकिरी बाटल्यांत ठासून भरतात, म्हणजे उजेड लागत नाही. नावही त्यावरूनच.

मोयलीबरोबर पाव नव्हे, फुगिया. मैद्यात अंडी आणि नारळाचे दूध घालून पीठ सैल भिजवायचे. पूर्वी ते ताडीने फुगवीत, आता यीस्टने. मुठीत पीठ घेऊन अंगठा आणि तर्जनीमधून गोळा दाबून काढायचा आणि तेलात सोडायचा. तो फुग्यासारखा टम्म फुगतो. नवख्याच्या हातून फुग्याऐवजी भजे पडते. फराळाच्या ताटात कुलकुल, आणि ‘नेवऱ्या’ म्हणून ज्या येतात त्या पाहून आपल्या गृहिणी हसतील. त्या आपल्या करंज्याच!

आता बदके बाजारातून आणावी लागतात. कोळेकल्याणच्या शिवारात भाताची खाचरे होती तोवर बदके दारातच हिंडत. त्या शिवारावर आज विमानतळ आहे, विद्यापीठाची विद्यानगरी आहे आणि वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती आहेत. शेत गेले त्याचा मोबदला तरी मोजता येतो. अंगण गेले त्याचा कोणी हिशेब केला नाही. मसाला वाळवायचा कोठे? इमारतीच्या गच्चीवर वाळवावा, तर वरच्या मजल्यावरची मंडळी मिरचीच्या ठसक्याची तक्रार करतात. म्हणून बरीच घरे गिरणीत दळून आणतात. कांडलेल्या मसाल्याची चव त्याला नाही, असे म्हाताऱ्या बायका ठामपणे सांगतात, आणि मला त्यांचे पटते.

तरीही बाटल्या भरल्या जातात. त्यांतल्या काही, कपड्यांत नीट गुंडाळून, परदेशी गेलेल्या मुलांच्या सामानात जातात, त्याच शिवारावरच्या विमानतळावरून.