कोळशाच्या बदल्यात माणूस

मार्सिनेलच्या खाणीत मेलेल्या इटालियन मजुराचा माग आम्ही काढू लागलो, तेव्हा आधी माणूस सापडला नाही, करार सापडला. 1946 चा. इटलीने बेल्जियमला 50,000 मजूर द्यायचे आणि बदल्यात कोळसा घ्यायचा. दोन सरकारांनी केलेला हा सरळ सौदा होता, त्याला दुसरे नाव आम्ही देणार नाही. गावोगाव गुलाबी भित्तिपत्रके लागली. राहायला मात्र युद्धकैद्यांच्या छावणीतल्या पत्र्याच्या बराकी मिळाल्या.

8 ऑगस्ट 1956. कोळशाचा टब पिंजऱ्यात अर्धवट अडकला असतानाच पिंजरा वर ओढला गेला. तेलाचा पाइप फुटला, विजेच्या तारा तुटल्या, आग लागली. 262 मेले, त्यांत 136 इटालियन. शिक्षा झाली एका अभियंत्याला. सहा महिने, तीही स्थगित!

आपल्यातले काही विचारतील, बेल्जियमचे आपल्याला काय? डिसेंबर 1943 मध्ये मजूरमंत्री बाबासाहेब धनबादला स्वतः खाणीत उतरले होते. पुढच्याच वर्षी कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी आला. त्याच धनबादजवळ चासनाला येथे 27 डिसेंबर 1975 ला खाणीत पाणी घुसले आणि पावणेचारशेच्या आसपास मजूर गेले.

मार्सिनेलच्या काही प्रेतांची ओळख पटली नव्हती. 2021 मध्ये थडगी उकरून डीएनए तपासणी सुरू झाली. पासष्ट वर्षांनी का होईना, नाव शोधले जाते. आमचा भाऊ गटारात गुदमरून मरतो, तेव्हा त्याला कामावर ठेवले होते हेच कंत्राटदार नाकारतो.