आरपार फूल

काळपट हिरवा, बोटांचे ठसे उमटलेला, मनगटाएवढा जाड असा एक ओबडधोबड दांडा टाइलवर ठेवला होता. ताईंनी त्याचं टोक पातळ ब्लेडनं छाटून बाजूला सारलं, मग 2 मिलिमीटरची एक चकती कापली आणि माझ्या तळहातावर ठेवली. सूर्यफूल! मधोमध तपकिरी गाभा, भोवती पिवळ्या पाकळ्या, प्रत्येक पाकळीला केसासारखी काळी रेघ, पाकळ्यांच्या फटींत हिरवा रंग. त्यांनी आणखी एक चकती कापली. तेच फूल. तिसरी कापली. तेच! ते फूल त्या दांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत होतं आणि बाहेरून त्याचा मागमूस नव्हता. मी खुर्ची ओढली आणि बसले.

खरं तर मी बसायला आलेच नव्हते. दहावीची परीक्षा संपलेल्या भाचीला सावेडीतल्या त्या घरी सोडायचं, तासाभरात चितळे रोडवरची कामं उरकायची आणि परतताना तिला घ्यायचं, असं ठरलं होतं. सव्वातीनला आम्ही आत पाय ठेवला. बाहेर पडलो तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागलेले होते.

महिन्यातल्या एका रविवारी सात-आठ जण तिथं जमतात. ना पाटी, ना वर्गणी. एका काकूंचा हॉल, दोन टेबलं, त्यांवर फरशीचे गुळगुळीत तुकडे आणि मधोमध रंगीत पॉलिमर क्लेच्या वड्या. मला वाटलं, लहान मुलं खेळतात तीच ही माती. काकूंनी एक डबा उघडून दाखवला. ‘हा निळा गोळा दिवाळीपासून इथंच आहे. दाबून बघा.’ बोट आत गेलं! ही माती हवेवर वाळतच नाही, कारण हिच्यात पाणीच नाही. पीव्हीसीची भुकटी, तिला मऊ ठेवणारा तेलकट द्रव आणि रंग. ओव्हनमध्ये 110 ते 130 अंशांच्या आसपास भाजली की ती भुकटी एकजीव होते आणि वस्तू कायमची कडक. तोवर आज अर्धं केलेलं काम आठ दिवसांनी पुढं न्या, मोडा, पुन्हा करा. वाट बघणारी माती! शाडूचा गणपती करताना मी दर अर्ध्या तासाला ओलं फडकं शोधत असते, मला हे ऐकून किती हायसं वाटलं ते शाडूत हात घातलेल्यांनाच कळेल.

हिचा जन्म बाहुल्यांच्या घरात झाला, हेही त्याच दुपारी कळलं. जर्मनीतल्या प्रसिद्ध बाहुलीकार केटे क्रूझ यांच्या मुलीनं, फिफीनं, 1930 च्या दशकाच्या अखेरीस असल्या मातीवर खटपट सुरू केली. 1964 मध्ये ती माती एबरहार्ड फाबर कंपनीकडे गेली आणि ‘फिमो’ नावानं बाजारात आली. त्या नावातला ‘फि’ फिफीचा. अमेरिकेतली ‘स्कल्पी’ तर मुळात विजेच्या ट्रान्सफॉर्मरमधली उष्णता वाहून नेण्यासाठी केलेला पदार्थ. त्या कामाला तो उपयोगी पडला नाही आणि कुणीतरी त्याच्याशी खेळत बसलं म्हणून आपल्याला मिळाला. त्या खेळत बसलेल्या माणसाचे मी मनापासून आभार मानते.

पण मला त्या दांड्यावरच परत जायचं आहे. त्याला सगळे ‘केन’ म्हणतात. इटलीत मुरानोचे काचकारागीर रंगीत काचेच्या कांड्या जुळवून त्यांचे काप करतात, ते काम ‘मिलेफिओरी’, म्हणजे हजार फुलं. तीच युक्ती इथं मातीत. पाकळीची लांब कांडी करायची, तिला काळ्या पातळ पट्टीत गुंडाळायचं, तिचे तुकडे करून गाभ्याभोवती उभे रचायचे, फटींत हिरव्या बारीक कांड्या भरायच्या आणि सगळं एकत्र दाबून आणायचं. सगळ्यात सोपी केन म्हणजे दोन रंगांच्या पोळ्या एकावर एक ठेवून केलेली वळकटी. तिला या घरात ‘अळूवडी’ म्हणतात! दुसरं कुठलंही नाव इतकं चपखल बसणार नाही.

आणि मग ताईंनी ती केन बारीक करायला घेतली. चारही बाजूंनी हलके दाब देत, फिरवत, मधूनच टाइलवर लाटत. दांडा लांबत गेला, बारीक होत गेला, बोटाएवढा झाला. मला धडधडायला लागलं, आतल्या फुलाचं काय झालं असेल? कापलं. नखाएवढं सूर्यफूल! एकही पाकळी कमी नाही, काळी रेघसुद्धा जागच्या जागी!

मी 27 वर्षं गणित शिकवते. दहावीच्या महत्त्वमापनात वृत्तचिती वितळवून तिची तार केली तर तारेची लांबी किती, हे उदाहरण मी किती वेळा फळ्यावर सोडवलं असेल! तिथल्या तिथं भाचीच्या वहीवर मांडलं. व्यास 5 सेंटिमीटर, उंची 4 सेंटिमीटर. व्यास 1 सेंटिमीटरवर आणला तर छेदाचं क्षेत्रफळ पंचविसाव्या हिश्श्यावर येतं, घनफळ तेवढंच, म्हणजे लांबी 25 पट. पूर्ण 1 मीटर! 2 मिलिमीटरच्या चकत्या कापल्या तर 500 सूर्यफुलं. टोकांकडे चित्र पिळवटतं, तेवढा भाग सोडला तरी कितीतरी शिल्लक. मी वही सगळ्यांना दाखवली, आणि कधी नव्हे ते माझ्या एका उदाहरणाला अख्ख्या वर्गानं टाळ्या वाजवल्या.

रंगांचंही असंच. जूडिथ स्किनर नावाच्या बाईंनी शोधलेली एक रीत आहे. दोन रंगांचे त्रिकोण शेजारी ठेवायचे, एकाच दिशेनं घडी घालायची, यंत्रातून काढायचं, पुन्हा तीच घडी. वीस-पंचवीस वेळा. पंधराव्या फेरीपर्यंत नुसते पट्टेच पट्टे दिसत होते, आणि मग अचानक संध्याकाळच्या आभाळासारखं पिवळ्यातून केशरी, केशरीतून लाल! यंत्र कुठलं म्हणाल तर पास्ता करण्याचं, दिसायला आपल्या शेवयांच्या मशीनचं सख्खं भावंड. मात्र एकदा क्लेला लावलेलं यंत्र, पोळपाट, ओव्हनचा ट्रे स्वयंपाकघरात परत न्यायचा नाही, हे काकूंनी मला दोनदा बजावलं.

त्यांनी बजावलेलं आणखी बरंच आहे आणि मी सगळं लिहून घेतलंय. क्ले आधी भरपूर मळायची, नाहीतर भाजल्यावर ठिसूळ होते. नगरच्या उन्हाळ्यात ती पुरणासारखी सैल पडते, मग गोळा पिशवीत बांधून माठातल्या पाण्याच्या वाडग्यात बुडवायचा, किंवा साध्या कागदात रात्रभर दाबून ठेवायचा, म्हणजे कागद जादा तेल ओढून घेतो. ओटीजीच्या बटणावरच्या आकड्यावर भरवसा ठेवायचा नाही, आत वेगळा थर्मामीटर लावायचा. दर 6 मिलिमीटर जाडीला साधारण अर्धा तास. वर फॉइलची छपरी, म्हणजे पांढरा रंग करपत नाही. खिडक्या उघड्या. तापमान फार चढलं तर माती जळते आणि घातक धूर सोडते, म्हणून ओव्हन सोडून जायचं नाही.

तिथली माणसं तरी किती तऱ्हेची! ‘सूर्यफूलवाल्या’ ताई दातांच्या डॉक्टर, त्यांची अवजारं बघून हेवा वाटावा. एमआयडीसीत काम करणारा एक मुलगा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासण्यात उस्ताद, 400 नंबरापासून सुरू करून 1000 पर्यंत जातो आणि मणी गोटीसारखा चमकवतो. भिंगारच्या एक काकू रुखवत करतात. मोहरीएवढे लाडू, पदर सुटलेली चकली, मुरड घातलेली करंजी, हे सगळं बोटाच्या पेरावर मावणाऱ्या ताटात! मुरड त्यांनी दाभणाच्या टोकानं घातली होती, आणि तेरा कळ्या मी मोजल्या. रुखवत, चैत्रगौरीची आरास, गौरीपुढचा छोटा संसार, किल्ल्यावरचे मावळे. लहानाचं कौतुक आपल्याकडे इतकं मुरलेलं आहे की ही जर्मन माती नगरच्या हॉलमध्ये पहिल्याच दिवशी घरची झाली असणार.

एसटीतून निवृत्त झालेले एक काका कोपऱ्यात एकटेच बसले होते. ते श्रीरामपूर तालुक्यातले, आणि करत होते दायमाबादचा रथ! प्रवरेकाठच्या दायमाबादला 1974 मध्ये काशाच्या चार वस्तू सापडल्या, रथ, हत्ती, गेंडा, म्हैस. मूळ रथ 45 सेंटिमीटर लांब, काकांचा 9 सेंटिमीटर. जुंपलेले दोन बैल, उभा सारथी आणि दांडीवर तो कुत्रा! आत फॉइल चुरगाळून केलेला गाभा, वर तपकिरी क्ले आणि त्यावर बोटानं चोळलेली काशाच्या रंगाची अभ्रकाची पूड. संगमनेरजवळच्या जोर्वे गावाच्या नावानं ओळखली जाणारी लाल भांडी, नेवाशाच्या उत्खननातली मातीची खेळणी, हे सगळं आपल्याच जिल्ह्यातलं. मी काकांना म्हटलं, ‘आपल्याकडे माती भाजणं काही नवं नाही.’ ते मान वर न करता म्हणाले, ‘पण मॅडम, त्यांच्याकडे थर्मामीटर नव्हता. आणि तरी बघा.’

निघताना जे झालं ते मी विसरणार नाही. प्रत्येकानं आपल्या केनचा एकेक तुकडा कापला आणि बटर पेपरात गुंडाळून बाकीच्यांना दिला. संक्रांतीला वाण लुटतात तसं. मी तर नुसती बघायला आलेली, तरी माझ्या हातात सात पुड्या! ‘पुढच्या वेळी तुमची आणा,’ ताई म्हणाल्या. ‘जेवढे जण, तेवढे तुकडे.’

परवापासून रोज जेवण झाल्यावर भाची आणि मी फरशीचा तुकडा घेऊन बसतोय. मोराचं पीस करायचंय. डोळा जमला, निळ्याभोवतीची सोनेरी कड जमली, फटी भरायला मात्र रात्रीचे साडेअकरा झाले. केन दाबली, फिरवली, लाटली. भाचीनं ब्लेड माझ्याकडे दिलं आणि मी ते परत तिच्याच हातात ठेवलं. पहिली चकती पिळवटलेली, ती बाजूला काढली. दुसरीत अंधुक काहीतरी. तिसरी तिनं कापली, उजेडाकडे धरली आणि ‘मावशी!’ म्हणून अशी ओरडली की शेजारचा दिवा लागला.