नावे उरली, पाणी गेले

गेल्या वैशाखात काही घरगुती कामानिमित्त नाशिकहून मुंबईस जाण्याचा योग आला. बरोबर दहा वर्षांचा नातू होता. धोबी तलावाच्या चौकात आम्ही बसमधून उतरलो, तो चिरंजीवांनी चोहीकडे पाहून विचारले, "आजोबा, तलाव कोठे आहे?" आयुष्यभर मुलांना प्रश्न विचारीत आलेल्या ह्या जुन्या मास्तराला उत्तर देता येईना! मोटारी होत्या, दुकाने होती, माणसांचा पूर होता. तलाव तेवढा नव्हता. तेव्हा कामे आटोपल्यावर आम्ही दोघांनी दोन दिवस ह्या हरवलेल्या पाण्याचाच शोध घेतला. त्याची हकीकत वाचकांस सादर करतो.

मुंबई बेटाला चोहोंकडून पाण्याचा वेढा. पण ते सारे खारे. नळ येण्यापूर्वी ही एवढी वस्ती विहिरींवर व तलावांवर जगत असे. पावसाळ्यात तुडुंब भरलेले तलाव चैत्र-वैशाखात तळाला जात आणि मग पखालीच्या पाण्यालाही मोल येई. आपल्या धर्मशास्त्रात विहिरी-तलाव बांधण्यास 'पूर्त' म्हणतात व त्याचे पुण्य मोठे मानतात. मुंबईत हे पूर्तकर्म पुष्कळदा पारशी गृहस्थांनी केले. सी. पी. टँक ह्या आद्याक्षरांमागे कावसजी पटेल दडलेले आहेत, हे तेथे राहणाऱ्यांपैकी कितीजणांस ठाऊक असेल? धोबी तलावाशीही फ्रामजी कावसजींचे नाव जोडलेले होते. गवालिया टँकवर गवळी आपली गुरे धूत. पुढे तो तलाव बुजून मैदान झाले आणि त्याच मैदानावर 1942 च्या ऑगस्टात 'भारत छोडो'ची घोषणा दुमदुमली. मात्र जुन्या पाणवठ्यांवर सर्वांना सारखाच मान होता, अशा भ्रमात आपण राहू नये. तहान सर्वांची सारखी. घागर बुडविण्याचा अधिकार सारखा नव्हता.

1860 साली विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले. पुढे 1879 मध्ये तुळशी व 1892 मध्ये तानसा ह्यांची भर पडली. घरात नळ आल्यावर दारातील तलावाला कोण विचारतो? उपेक्षेने त्यांत घाण साचली, आरोग्याला धोका वाटू लागला आणि एकामागून एक ते बुजविले गेले. विहिरींवर संकट आले ते हिवतापामुळे. 1911 साली डॉक्टर बेंटली ह्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. शहरातील विहिरींत हिवतापाचे डास वाढतात, असे त्यात दाखविले होते. विहिरी झाका किंवा बुजवा, असा आग्रह सुरू झाला. धर्मकृत्यांस विहिरीचेच पाणी हवे म्हणून हिंदूंनी व पारशांनी त्याला विरोध केला.

माझ्या आजीचे माहेर गिरगावातील एका वाडीत होते. ती सांगे, "वाडीत नळ होता, पण देवाचे व सोवळ्याचे पाणी विहिरीचेच. आई पहाटे ओलेत्याने पंधरा-वीस घागरी ओढी. विहिरीवर फरशी पडली, तेव्हा वडीलधारी मंडळी फार हळहळली. आई मात्र कोणास ऐकू जाणार नाही अशा बेताने मला म्हणाली, 'बरे झाले ग, आता पाठ सरळ होईल!'" जुन्या काळाविषयी गहिवर दाटून आला म्हणजे मला हे वाक्य आठवते. ज्यांनी घागर ओढली नाही, त्यांनाच विहिरीचे काव्य अधिक सुचते.

दुसऱ्या दिवशी चर्चगेटजवळ 1725 साली खोदलेली भिका बेहराम विहीर पाहिली. पारशी बांधवांचे ते पवित्र स्थान. म्हणून आम्ही बाहेरूनच नमस्कार केला. समुद्र हाकेच्या अंतरावर असता तिचे पाणी गोड आहे, हे ऐकून नातू थक्क झाला. अमरकोशात पाण्याच्या नावांत 'जीवन' हेही एक नाव आहे, ते त्याला तेथे शिकविले. मुलांना शब्द असाच जागेवर शिकवावा. घरी शिकविलेला टिकत नाही.

परतीच्या गाडीत तो खिडकीपाशी बसला होता. आसनगावच्या पुढे शहापूरचा मुलूख लागला. तानसा, वैतरणा, भातसा, मुंबईची तहान भागविणारे हे जलाशय ह्याच तालुक्याच्या परिसरातले. रुळांपासून थोड्या अंतरावर, भर उन्हात, चार-पाच बाया डोक्यावर हंडे घेऊन चालल्या होत्या. मुलाने मघाचाच शब्द वापरून विचारले, "आजोबा, इथलं जीवन मुंबईला जातं, मग ह्यांना नळ का नाही?"

आजीच्या आईची पाठ ज्या पाण्याने सरळ झाली, ते ह्याच डोंगरांतून आले होते. मुंबईकर आपले तलाव विसरले, ती चूक नावे वाचून तरी दुरुस्त करता येईल. पण ज्यांच्या अंगणातून पाणी नेले, त्यांनाच विसरणे, हे निराळे विस्मरण होय. नातवाच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला दोन दिवसांत सापडले. दुसऱ्याचे उत्तर मी अजून दिलेले नाही. घरी आल्यापासून नळ सोडताना तो प्रश्न रोज पुढे उभा राहतो.