आईच्या जवळ्याला दुसरे गिऱ्हाईक

पावसाळ्याच्या तोंडी तुमच्या घरात सुकट भरून ठेवण्याची रीत असेल, तर माझे म्हणणे तुम्हाला लगेच उमगेल. माझे माहेर उत्तनचे. भाईंदर स्टेशनवर उतरावे, पश्चिमेची मिठागरे मागे टाकावीत, की समुद्रकाठी हे गाव लागते. आता ते मीरा-भाईंदर महापालिकेत मोडते, तरी वलांड्यांवर बोंबील अजून वाळतात आणि खाली जवळा पसरलेला असतो. सासर मात्र वैतरणेच्या खाडीकाठी. भाताची शेती, आणि बांधाला लागून एक खाजण.

दरवर्षी मे महिन्यात आई जवळ्याची एक गोण पाठवायची. वांग्यात जवळा, कांद्यावर परतलेला जवळा, काहीच नसले तर भाकरीबरोबर भाजलेला जवळा. आमचा पावसाळा त्यावरच निघे.

चार वर्षांपूर्वी दिरांनी खाजणात टायगर कोळंबीचे बीज सोडले. कोळंबीच्या धंद्यात निम्म्याहून अधिक पैसा खाद्यातच जातो, हे पहिल्या महिन्यातच कळले. दीर म्हणाले, "वहिनी, तुमच्या आईकडून दहा गोणी जवळा मागवा. खाद्य घरीच करू."

मी आईला फोन केला. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पोरांच्या ताटातलं काढून कोळंबीच्या तोंडी घालायचं का गं? बरं, पाठवते. पण भाव व्यापाऱ्याचाच लागेल हो. तोसुद्धा खाद्यासाठीच नेतो." मी हसले, पण ते बोलणे मनाला लागलेच.

मासळीच का लागते, ते सांगते. वाढत्या कोळंबीच्या खाद्यात शंभर भागांत पस्तीसच्या आसपास प्रथिने हवीत. चांगल्या मासळीच्या भुकटीत ती साठ-पासष्ट भाग असतात. शिवाय कोळंबी वासावर खाते, आणि तिला लागणारे कोलेस्टेरॉल तिच्या अंगात तयार होत नाही, ते खाण्यातूनच मिळावे लागते. पेंडीत ते नसते. म्हणून मासळी अगदी शून्यावर आणणे अवघड, कमी मात्र करता येते. साऱ्या जगाला याची अद्दल 1972 मध्ये घडली होती. पेरू देशाच्या किनाऱ्यावरची अँकोव्ही मासळी एकाएकी घटली, आणि मासळीच्या भुकटीबरोबर सोयाबीनचेही भाव भडकले. दूरच्या समुद्रातली मासळी आणि आपल्या रानातले सोयाबीन एकाच काट्यात तोलले जातात, ते असे.

दहा गोणी काही परवडल्या नाहीत. तीन घेतल्या आणि उरलेली भर शेंगदाण्याच्या पेंडीने काढली. पेंडीत चाळीसच्या वर प्रथिने, मग अडचण कसली? अडचण पोत्यात होती. श्रावणात पडवीतली पेंड दमट झाली, कडेने हिरवट बुरशी धरली. दीर म्हणाले, भाजून घेऊ. आम्ही जावा-जावांनी ती चुलीवर खरपूस भाजली, मैद्याच्या खळीत मळली, शेवेच्या सोऱ्यातून पाडली आणि वाळवली. आमच्या हातचे खाद्य म्हणून कौतुकही झाले!

पुढे कोळंबी खाईनाशी झाली. तळ्यात ठेवलेल्या ताटातले खाद्य तसेच राहू लागले, कवच मऊ लागू लागले. पीक निम्मेही हाती आले नाही. माझ्या पाटल्या त्या वर्षी गहाण पडल्या, त्या अजून पुऱ्या सुटलेल्या नाहीत.

मत्स्य खात्याचे एक अधिकारी आले. त्यांनी तळ्याआधी पडवी पाहिली. बुरशीतले अफ्लाटॉक्सिन नावाचे विष भाजून जात नाही, हे त्यांनी सांगितले तेव्हा आम्ही दोघी जावा एकमेकींकडे बघत राहिलो. कच्च्या सोयाबीनचा दोष नेमका उलटा. त्यातला प्रथिने पचू न देणारा अंश नीट उष्णता दिली की मोडतो. म्हणून कारखान्यातून आलेली, तेल काढून शेकलेली सोयापेंड चालते, घरचे कच्चे दाणे दळून चालत नाहीत. सोयापेंडीत प्रथिने चव्वेचाळीस ते अठ्ठेचाळीस भाग असतात. मेथिओनीन नावाचा एक घटक तेवढा कमी पडतो, तो वरून घालतात किंवा थोड्या मासळीने भरून काढतात.

आता मोठ्या तळ्यावर दाट बीज सोडणाऱ्याने घरच्या खाद्याच्या नादी लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्यासारख्या विरळ बिजाच्या खाजणाची गोष्ट वेगळी. गेल्या वर्षी आम्ही सोयापेंड जास्त आणि जवळा एकच गोण, असे केले. पेंड फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवली आणि थोडीथोडीच आणली. प्रत्येक घाणा आधी पाण्याच्या तांब्यात टाकून पाहते. दोन तास विरघळला नाही तरच तळ्यात जातो. कोळंबी कुरतडत खाते ना, लवकर विरले तर पैसे पाण्यात, अगदी खरोखरचे पाण्यात!

यंदा मे महिन्यात आईने दोन गोणी पाठवल्या. एकीला लाल सुतळी बांधली होती. फोनवर म्हणाली, "लाल सुतळीची पोरांची. दिरांना सांग, तिला हात लावायचा नाही." ती गोण मी माजघरात ठेवली आहे. दीर येता-जाता तिच्याकडे बघतात खरे, पण अजून मागितलेली नाही.