उथळ झोप

काम कसे करावे हे शिकविणारे पुष्कळ भेटतात. काम नसेल त्या वेळी कसे असावे हे मात्र कोणी शिकवीत नाही. आमच्या लॅपटॉपच्या बाबतीत हाच प्रश्न गेल्या पावसाळ्याच्या तोंडी उभा राहिला. तो सोडविण्यात आमच्या पाचसहा रात्री गेल्या. परप्रांती नोकरी करणाऱ्या आमच्या बंधूंना त्यांची हकीकत रुचेल, असे वाटते.

आमची नेमणूक सध्या आसामात, ब्रह्मपुत्रेच्या काठच्या एका जिल्ह्यात आहे. येथे जून ते सप्टेंबर हे महिने नदीच्या मर्जीने चालतात. पाणी धोक्याच्या पातळीकडे सरकू लागले की प्रथम वीज जाते, आणि मग रात्रभर गावोगावचे आकडे येत राहतात : किती घरांत पाणी शिरले, छावणीत किती माणसे आली, कोणता बांध पाझरतो आहे. ते जुळवून पहाटेपूर्वी अहवाल पाठवावा लागतो; नावा आणि तांदूळ सकाळी कोणत्या बाजूला न्यायचे ते त्यावरून ठरते. अहवाल रखडला तर नदीच्या पात्रातील एखाद्या चरावरची माणसे दुपारपर्यंत उपाशी राहतात. अशा रात्री बॅटरीचा प्रश्न हा केवळ हौशी माणसाचा प्रश्न राहत नाही.

आमच्या लॅपटॉपवर लिनक्स ही प्रणाली आहे. पूर्ण भरलेली बॅटरी चार तासांत संपत असे. आणि त्या चार तासांपैकी बहुतेक वेळ यंत्र आमच्या पुढच्या आकड्याची वाट पाहत नुसते बसलेले असे. बाजारातील दुरुस्तीवाल्याने बॅटरी हातात न घेताच ती निकामी ठरविली. पण लिनक्सला विचारले तर ते सरळ सांगते : ४१ वॅट-तासांची बॅटरी अजून ३४ वॅट-तास धरत होती. दोष साठ्यात नव्हता, खर्चात होता. काहीही न करता यंत्र साडेआठ वॅट खात होते.

प्रोसेसरला काम नसले म्हणजे त्याने झोपावे, अशी योजना फार जुनी आहे. १९७८ सालच्या ८०८६ या चिपलाही थांबून राहण्याची एक आज्ञा होती. पुढे १९९६ च्या डिसेंबरात इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय नावाची संहिता प्रसिद्ध केली आणि तीत या झोपेच्या पायऱ्यांना रीतसर नावे मिळाली. सी-० म्हणजे जागृती. सी-१ म्हणजे डुलकी. एवढ्यात गाभ्याचे घड्याळ तेवढे थांबते. सी-६ मध्ये गाभा आपली सारी स्मृती बाजूला ठेवून देतो आणि त्याचा वीजपुरवठाच तोडला जातो. त्याखाली आणखीही तळघरे आहेत.

मौज अशी की, झोप जितकी खोल तितके जागे होणे महाग. २०१५ सालच्या स्कायलेक पिढीसाठी लिनक्सने जो तक्ता बाळगला आहे तो आम्ही पाहिला. सी-१ मधून उठावयास २ मायक्रोसेकंद लागतात, सी-८ मधून २००, आणि सी-१० मधून ८९०. शिवाय सी-१० मध्ये निदान ५,००० मायक्रोसेकंद स्वस्थ पडावयास मिळणार असेल, तरच ती झोप परवडते. एरवी आवराआवर करण्यात आणि पुन्हा मांडामांड करण्यात वाचविली त्याहून अधिक वीज जाते. तेव्हा कर्नलला दर वेळी अंदाज बांधावा लागतो की, आता किती वेळ शांतता राहील? 'मेन्यू' नावाचा त्याचा कारभारी पुढचा गजर केव्हा आहे ते पाहतो आणि मागच्या आठ डुलक्या किती किती टिकल्या त्यांचाही हिशेब घेतो. पहिल्या सात मोडल्या असतील तर आठवीला तो फार खोल जाऊ देत नाही.

हे वाचताना आम्ही थोडे थबकलो. जिल्ह्याच्या नोकरीत दहा पावसाळे काढल्यावर आमची स्वतःची झोप सी-१ वरच येऊन ठेपली आहे. तिला आपल्याकडे श्वाननिद्रा म्हणतात आणि विद्यार्थ्याच्या गुणांत तिची गणना करतात. पन्नाशीतल्या माणसाला ती गुण म्हणून शोभते की नाही, याबद्दल आमच्या डॉक्टरांचे मत निराळे आहे. पण असो, लॅपटॉपकडे वळू.

'पॉवरटॉप' नावाचे एक साधन आहे. ते २००७ साली आले. त्याच वर्षीच्या २.६.२१ या कर्नलने, काम असो वा नसो, सेकंदाला शेकडो वेळा जागे होण्याची सवय सोडावयास आरंभ केला होता, आणि कर्नल झोपू लागताच त्याला उठविणारे इतर कोण कोण आहेत ते दिसू लागले. आमच्या यंत्रात अशी दोन मंडळी निघाली : एक हवामान दाखविणारी खिडकी आणि एक फायली जुळविणारा कार्यक्रम. दोघांना रजा दिली. एक वॅट वाचला. मग त्या साधनाला सर्वच उपकरणांची काटकसर एकदम करावयास सांगितले, तर आमचा माउस दर दोन सेकंदांनी झोपी जाऊ लागला आणि बाण मधूनच जागच्या जागी खिळू लागला. माउसपुरती ती काटकसर मागे घेतली.

अजून साडेसात वॅट होतेच. आणि येथे आमची मती गुंग झाली. कारण प्रोसेसरचे चारही गाभे शेकडा नव्वद वेळ सी-८ मध्ये गाढ झोपलेले दिसत होते. सगळे झोपले आहेत, मग दिवा कोणाचा जळतो?

उत्तर शेजारच्या रकान्यात होते. गाभ्यांची झोप निराळी आणि सबंध चिपची झोप निराळी. पुण्यातल्या जुन्या वाड्यात प्रत्येक बिऱ्हाडाने आपापला दिवा मालवला, तरी जिन्यातला दिवा शेवटचा भाडेकरू घरी येईपर्यंत जळतच राहावयाचा, तसेच हे आहे. चिपमधील सामाईक भाग तेव्हाच खोल झोपतो, जेव्हा सर्व गाभे झोपतात आणि त्याला जोडलेल्या उपकरणांच्या वाहिन्याही विसावतात. आमची चिप सी-२ च्या खाली उतरतच नव्हती. एकेका उपकरणाची चौकशी करता करता कार्ड-वाचक सापडला. यंत्राच्या कडेला त्याची एक चीर आहे. तीत आम्ही पाच वर्षांत एकही कार्ड घातलेले नाही! त्याच्या वाहिनीची विश्रांती बंद ठेवलेली होती, आणि त्या एका बिनकामाच्या भाडेकरूपायी सारा वाडा जागा होता.

बंद ठेवण्यालाही कारण असते, हे सांगितले पाहिजे. काही उपकरणे एकदा विसावली की नीट उठत नाहीत, म्हणून सावधपणाने त्यांना जागेच ठेवतात. प्रोसेसरांचीही अशी उदाहरणे आहेत की, खोल झोपेत यंत्र गोठते आणि मग कर्नलला आरंभीच ताकीद द्यावी लागते की, सी-१ च्या खाली जाऊ नकोस. तसे झाल्यास आम्ही बिनतक्रार तेच केले असते; पुराच्या रात्री न उठणाऱ्या यंत्रापेक्षा वीज खाणारे यंत्र बरे. म्हणून त्या वाहिनीच्या फायलीत शून्याच्या जागी एक लिहिल्यावर आम्ही दोन आठवडे यंत्र वापरून पाहिले आणि मगच, प्रत्येक आरंभी ही सूचना आपोआप लागू व्हावी, अशी तजवीज केली. एक लिहिताच काही क्षणांत सी-८ चा आकडा वर चढला, पंखा थांबला, आणि खर्च चार वॅटांवर आला. पंखा थांबल्यावर खोलीत बाहेरच्या पावसाचा आवाज ऐकू येऊ लागला.

जुलैत एका रात्री साडेनऊला वीज गेली. पहाटे साडेचारला अहवाल गेला, तेव्हा बॅटरीत नऊ टक्के शिल्लक होते. सकाळी नावा वेळेवर सुटल्या.

चहा देताना सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, यंत्राची झोप लावलीत, आता तुमची कोण लावणार?" उशाशी असलेल्या फोनवर रात्री काय काय वाजते याची त्यांनी यादीच करविली. पुरापुरते महत्त्वाचे क्रमांक दोनच निघाले, नियंत्रण कक्षाचा आणि सर्कल ऑफिसरांचा. बाकी साऱ्यांना रात्री दहानंतर मूक केले आणि फोन बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवला. पहिल्या रात्री आम्ही दोनदा उठून तो चालू आहे ना, हे पाहून आलो.